काटा बंद पडायच्या आधी खूण देतो, ती ओळखू या

जुलै 2022 चा पूर आठवतो ना? आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या (आता निर्मल) कडम प्रकल्पाला 18 दरवाजे. पाणी चढत होतं, 17 दरवाजे उघडले, एक उघडलाच नाही. खालच्या गावांना घरं सोडून निघावं लागलं. धरण वाचलं, पण एक गोष्ट कळली. यंत्राची तपासणी गरजेच्या दिवशी नाही, त्याच्या आधी करायची असते.

आपलंही तेच झालं. मागच्या हंगामात काठावरचा इलेक्ट्रॉनिक काटा भर खरेदीत बंद पडला. व्यापारी थांबला नाही, मासळी पडत्या भावाने गेली. नंतर चौकशी केली तर कळलं, पंधरा दिवसांपासून रिकाम्या काट्यावर आकडा नाचत होता. सगळ्यांनी पाहिला, लिहून कुणीच ठेवला नाही. त्यात आम्हीही आलो.

म्हणून आता काट्याजवळ एक वही ठेवली आहे. रोज सकाळी एवढंच करायचं:

1. काटा सपाट जागी ठेवून चालू करा, दहा मिनिटं थांबा. रिकामा असताना शून्यच दिसलं पाहिजे.

2. शिक्क्याचं 5 किलोचं वजन मधे ठेवा, मग चारही कोपऱ्यांवर. आकडे वहीत लिहा. 5 किलोला 50 ग्रॅमचा फरक म्हणजे क्विंटलला एक किलो. ते कुणाच्या तरी घरातून जातं.

3. चार्ज किती तास टिकला ते लिहा. आठवड्यागणिक तास कमी होत असतील तर बॅटरी संपत आली.

एका दिवसाच्या आकड्यावरून फार काही कळत नाही. आकडा रोज एकाच बाजूला सरकत असेल तर बिघाड वाटेवर आहे समजा. क्रेट काट्यावर आपटू नका. आतला वजन ओळखणारा भाग एकदा वाकला की पुन्हा सरळ होत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, तीही तारीख वहीत आहे.

नाववाल्यांनी दिव्याची 12 व्होल्टची बॅटरीही बघावी. पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी मीटरवर 12.6 च्या आसपास दिसायला हवं. 12.2 दिसलं तर तिच्या भरवशावर रात्री जाळं टाकायला जाऊ नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरली असेल तर साफ करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर खराब होते, सावलीत ठेवा.

मीटर सोसायटीत आहे, बॅटरी घेऊन या, पैसे लागणार नाहीत. वही कुणीही बघू शकतो. पोरं शाळेत शिकलेली आहेत, आकडे लिहायचं काम त्यांना द्या. आणि आकडा नाचताना दिसला तर गप्प बसू नका, त्याच दिवशी सांगा.