कुडाळवरून गोव्याला निघालं की हाताला मुंग्या का येतात? स्पोर्ट बाईकच्या थरथरणाऱ्या हँडलमागचं गणित

कुडाळमधून सकाळी गाडी काढायची, झाराप मागे टाकायचं, सावंतवाडीच्या बाहेरून बांदा गाठायचं आणि पत्रादेवीवरून गोव्यात शिरायचं. पणजीपर्यंत साधारण ८० किलोमीटर. कारमध्ये हे अंतर कळतसुद्धा नाही. पण खाली स्पोर्ट बाईक असेल तर बांदा येईपर्यंत बऱ्याच जणांच्या बोटांना मुंग्या यायला लागतात. मग चहाच्या टपरीवर थांबून हात झटकायचे आणि गाडीला चार शिव्या घालायच्या.

गंमत म्हणजे हा त्रास रस्ता सुधारल्यावर जास्त जाणवायला लागलाय. जुना मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे एनएच १७, दुपदरी आणि वळणावळणाचा होता. दर दोन मिनिटाला एसटी किंवा ट्रक आडवा यायचा, थ्रॉटल सतत वर-खाली व्हायचा. आता तोच रस्ता एनएच ६६ म्हणून चौपदरी काँक्रीटचा झालाय. टॉप गिअर टाकला की अर्धा अर्धा तास इंजिन एकाच आरपीएमवर फिरत राहतं. आणि तो आरपीएम नेमका हँडलला न मानवणारा असेल, तर त्या अर्ध्या तासात बोटांना सुट्टीच मिळत नाही.

ही थरथर येते कुठून?

आपल्याकडे ज्या स्पोर्ट बाईक सर्रास दिसतात, म्हणजे २००८ मध्ये आलेली यामाहा आर१५, चाकणला बजाजच्या प्लांटमध्ये बनणारी केटीएम आरसी ३९०, २०१७ च्या डिसेंबरात आलेली टीव्हीएस अपाचे आरआर ३१०, त्या सगळ्या सिंगल सिलिंडर आहेत. एकच पिस्टन. तो वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक वेळी थांबताना आणि दिशा बदलताना तो इंजिनाला धक्का देतो. ७००० आरपीएमला हा धक्का सेकंदाला सुमारे ११७ वेळा बसतो.

क्रँकवर उलट बाजूला वजन टाकून हे संपवता येत नाही का? अर्धवट येतं. पूर्ण वजन टाकलं तर वर-खाली होणारी थरथर पुढे-मागे व्हायला लागते, एवढाच फरक. म्हणून कंपन्या बॅलन्सर शाफ्ट बसवतात. क्रँकच्याच वेगानं पण उलट दिशेला फिरणारा हा दांडा धक्के मारून टाकतो. केटीएम ३९० च्या इंजिनात तो आहे. रॉयल एनफिल्डनं २०२० मध्ये मिटिऑर ३५० सोबत जे नवं इंजिन आणलं त्यातही तो आहे. जुनी ३५० ची बुलेट आणि २०२१ नंतरची क्लासिक पाठोपाठ चालवली की बॅलन्सर काय करतो ते पुस्तक न उघडता कळतं.

पण बॅलन्सर असूनही एक कंपन उरतं, ते क्रँकच्या दुप्पट वेगाचं. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टनची वरच्या टोकाची चाल आणि खालच्या टोकाची चाल सारखी नसते, त्यातून ते तयार होतं. ७००० आरपीएमला हे कंपन २३३ हर्ट्झच्या आसपास येतं. आणि माणसाच्या बोटांच्या कातडीखाली कंपन ओळखणारी जी केंद्रं आहेत, ती सगळ्यात जास्त जागी असतात साधारण २०० ते ३०० हर्ट्झला! म्हणजे धक्का लहान, पण बोटांना तो मोठ्यानं ऐकू येतो. चार सिलिंडरच्या महागड्या बाईकही यातून सुटत नाहीत. त्यांचे मोठे धक्के एकमेकांना मारतात, पण दुप्पट वेगाचे धक्के एकत्र होतात आणि हँडलवर बारीक मधमाशी गुणगुणल्यासारखं वाटतं.

मग हँडलच का थरथरतं, सीट का नाही?

कारण हँडल म्हणजे एका बाजूनं धरलेली आणि दुसऱ्या बाजूनं मोकळी नळी. तिला स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, तसं इंजिनाच्या धक्क्यांची लय आणि नळीची लय जुळली की थरथर कित्येक पटीनं वाढते. म्हणूनच काही गाड्या ६००० ला शांत असतात, ७००० ला पिसाळतात आणि ८००० ला पुन्हा शांत होतात.

त्यात स्पोर्ट बाईकचं हँडल क्लिप-ऑन असतं. साध्या कम्युटर गाडीत बऱ्याचदा हँडल रबरी बुशवर बसवलेलं असतं, पण क्लिप-ऑनचे दोन तुकडे थेट फोर्कच्या नळ्यांना आवळलेले असतात. त्यामुळे वळणावर गाडी हाताला अचूक सांगते की टायर काय करतोय. फक्त त्याच वाटेनं इंजिनही हाताशी बोलतं.

आता हँडलच्या टोकाला जो लोखंडी गोळा असतो, बार-एंड, तो शोभेचा नाही हे लक्षात घ्या. दशावतारात किंवा भजनात पखवाज पाहिला असेल, तर त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. वजन वाढलं की कातड्याची लय खाली येते, आवाज घुमतो. बार-एंड नेमकं हेच करतो. नळीच्या टोकाला वजन टाकून तिची लय तुम्ही रोज वापरता त्या आरपीएमपासून दूर ढकलतो.

आणि आपली पोरं पहिलं मॉडिफिकेशन कुठलं करतात? तो गोळा काढून तिथं बार-एंड आरसे लावतात. फोटोत गाडी भारी दिसते यात वाद नाही. पण कंपनीनं मोजूनमापून लावलेलं वजन गेलं, आणि त्या जागी लांब दांड्याचा हलका आरसा आला. त्यात मागचं दिसण्याऐवजी थरथरणारं धुकं दिसतं ते वेगळंच.

पैसे घालण्याआधी दोषी शोधा

थरथर इंजिनाची की चाकाची, हे फुकटात ओळखता येतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून ज्या आरपीएमला त्रास होतो तिथपर्यंत रेस करा. हँडल तसंच थरथरलं तर इंजिन. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, त्रासाच्या वेगाला क्लच दाबून थ्रॉटल सोडा. थरथर तशीच राहिली तर चाक, टायर किंवा बेअरिंग. हे वेगळं ओळखू येतं, कारण ताशी ९० ला १७ इंची चाक सेकंदाला जेमतेम १३ वेळा फिरतं. ते हात हलवतं, मुंग्या आणत नाही. आणि दोन्ही वेळा गाडी शांत, फक्त ओढताना थरथरते? मग चेन आणि स्प्रॉकेटकडे बघा.

कोकणात हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. चार महिने धो धो पाऊस, वरून खारी हवा. चेनच्या काही कड्या गंजून आखडतात आणि काही सैल राहतात, मग चेन झटके देत फिरते. इंजिन फ्रेमला धरणारे बोल्टही तपासायला हवेत. क्रॅश गार्ड किंवा स्लायडर लावताना हेच बोल्ट काढून लांब बोल्ट घातले जातात, आणि ते टॉर्क रेंचऐवजी अंदाजानं आवळले जातात. नवीन गार्ड लावल्यापासून गाडी थरथरायला लागली असेल तर आधी तिथंच हात घाला.

कुठलं मॉडिफिकेशन खरंच कामाचं?

सगळ्यात कमी पैशात जास्त फरक जड बार-एंडनं पडतो. एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघायची. उजव्या बाजूला बार-एंड ग्रिपला घासता कामा नये. घासला तर थ्रॉटल सोडल्यावर परत येत नाही, आणि आंबोली घाटाच्या उतारावर तो प्रयोग कुणालाच परवडणार नाही.

नळीत शिशाचे छर्रे आणि सिलिकॉन भरण्याचा जुगाडही चालतो. वाळू मात्र भरू नका. ती ओल धरून ठेवते आणि लोखंडी नळी आतून खाते, बाहेरून पत्ताही लागत नाही.

जेल ग्रिप आणि जाड ग्लोव्हज बारीक गुणगुण कमी करतात, मोठ्या धक्क्यांपुढे त्यांचं फार चालत नाही. शिवाय ग्रिप जास्त जाड झाली की मूठ घट्ट आवळावी लागते, आणि मूठ जितकी घट्ट तितकं कंपन हातात जास्त उतरतं.

पुढचं स्प्रॉकेट १४ ऐवजी १५ दात्यांचं टाकलं की त्याच वेगाला आरपीएम सुमारे पावणेसात टक्क्यांनी उतरतो. ७००० चे ६५०० होतात. महामार्गावर गाडी शांत होते, पण घाटात पिकअप मरगळतो. जो रोज करूळ किंवा फोंडा घाट चढतो त्याच्यासाठी हा घाट्याचा सौदा.

सगळ्यात दुर्लक्षित उपाय फुकट आहे. स्पोर्ट बाईकवर बहुतेक जण अंगाचा भार तळहातांवर टाकतात. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरा, भार पोटा-पाठीवर घ्या, कोपर सैल सोडा. कुठलं बोट बधिर होतं यावरूनही अंदाज येतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर तळव्याची बाहेरची कड दबतेय. अंगठा आणि त्यालगतची दोन बोटं असतील तर मनगट जास्त मुडपलंय.

हे एवढं सिरियसली घ्यायचं का?

१९१८ मध्ये अमेरिकेत अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरनं इंडियानातल्या दगडखाणीत हवेच्या छिन्न्या चालवणाऱ्या कामगारांची बोटं थंडीत पांढरी पडताना नोंदवली. आज त्याला हात-बाहू कंपन विकार म्हणतात. युरोपात कामगारांसाठी २००२ पासून यावर मर्यादा आहे. आठ तासांच्या हिशेबात ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कमाल, आणि २.५ ला मालकानं उपाय सुरू करायचे. महिन्यातून एकदा गोव्याला जाणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. पण दिवसभर बाईकवरून डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचं गणित वेगळं आहे. गाडीवरून उतरून तास झाला तरी बधिरपणा जात नसेल, रात्री मुंग्यांनी झोपमोड होत असेल किंवा गारव्यात बोटं पांढरी पडत असतील तर मेकॅनिक सोडून डॉक्टर गाठावा. शिवाय बधिर बोटांना ब्रेकचा लिव्हर नीट कळत नाही, हा धोका तर पहिल्याच दिवशीचा.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अख्खं हँडल बदलणं आणि गिअरिंग बदलणं ही मूळ रचनेशीच छेडछाड आहे. अपघातानंतर विम्याचा क्लेम अडकला की हे आठवतं. त्यामुळे कंपनीचेच सुटे भाग आणि नीट देखभाल, यातून जेवढं साधतं तेवढं आधी साधावं.

आणि हँडलवर मोबाईल लावून मॅप बघत असाल तर त्याचाही जीव या थरथरीत अडकलाय. २०२१ च्या सप्टेंबरात अॅपलनंच सांगितलं होतं की ताकदवान मोटारसायकलच्या इंजिनाचं कंपन हँडलमधून फोनमध्ये उतरलं तर कॅमेऱ्याची स्थिरता आणि फोकस सांभाळणारी यंत्रणा बिघडू शकते. अशा गाडीवर आयफोन लावूच नका, आणि स्कूटर-मोपेडवर लावायचाच असेल तर कंपन शोषणारा माउंट वापरा, असा त्यांचा सल्ला आहे. फोटो गोव्यात काढायचे असतील तर फोन खिशात ठेवलेला बरा, मॅप कानात ऐकता येतो. तसाही कुडाळ ते पत्रादेवी रस्ता सरळच आहे.