ऑइल सील आणि गिअरबॉक्सचे तेल

घरची गाडी, घरची देखभाल : लेखांक ६

फिरणारा दांडा जिथे इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या पेटीतून बाहेर येतो, तिथे फट राहतेच. ती फट बंद करणारे कडे म्हणजे ऑइल सील. बाहेरून धातूचे रिंगण, आत रबराची पातळ ओठासारखी कड आणि ती कड दांड्यावर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, एवढीच त्याची रचना. ही कड दांड्याला थेट घासत नाही. दोघांमध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याच थरावर सील टिकते. या प्रकारचे सील १९३० च्या सुमारास जर्मनीत वॉल्टर सिमर यांनी घडवले. तेव्हा ही कड चामड्याची असे. पुढे तिची जागा कृत्रिम रबराने घेतली.

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल आणणाऱ्या गाड्यांकडे पाहिले, की सील का जाते ते कळते. पुरंदर, खेड, जुन्नरकडून येणारे पिकअप आणि टेम्पो भरगच्च ओझ्याने घाट चढतात आणि यार्डात आल्यावर गाळ्यापर्यंतच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन् तास पुढे सरकत राहतात. गाडी चालत नसल्याने वारा लागत नाही आणि इंजिन तापते. सततच्या उष्णतेने साधे नायट्राइल रबर कडक होते, कडेला चिरा पडतात. त्यात माती आणि कांद्याच्या टरफलांचा भुगा तेलकट भागावर चिकटून कडेखाली शिरतो आणि दांड्यावर चरा पाडतो. अशा दांड्यावर नवे सील बसवले, तरी ते लवकरच गळू लागते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गळतीचे मूळ शोधावे. तेल वरून खाली आणि वाऱ्याने मागे पसरते, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच दोष असेल असे नाही. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपलेले तेल मागच्या सीलची गळती वाटू शकते. इंजिन थंड असताना तो भाग पुसून लख्ख करावा, वीसेक मिनिटे चालवावे आणि सर्वांत वर ओले झालेले ठिकाण पाहावे. क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे इंजिनातील वाफ बाहेर सोडणारी नळी, तुंबली असेल तर आतला दाब वाढून तेल प्रत्येक सीलमधून बाहेर ढकलले जाते. नळी साफ केली तर काही वेळा सील बदलण्याची गरजच उरत नाही. पेट्रोल किंवा सीएनजीची गाडी उतार उतरून आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच निळसर धूर सोडत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा.

घरी करण्याजोगे काम म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाचे सील. तेही टायमिंग बेल्टच्या मागे असेल तर अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावे, कारण बेल्ट एक दातही चुकून बसला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मागच्या टोकाच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे ते काम गॅरेजचेच.

सपाट जागेवर चाकांना ठोकळे लावावेत. गाडी उचलावी लागली तर केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी आणि बॅटरीची ऋण तार काढावी. पट्टा आणि पुली उतरवल्यावर जुने सील किती आत बसले आहे ते मोजून ठेवावे. सील काढताना आकड्याचे टोक दांड्याला लागू देऊ नये. एक ओरखडाही पुढची गळती ठरतो. दांड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडले तर सील जागेत मावेल इतपत किंचित पुढे-मागे बसवता येते किंवा दांड्यावर पातळ धातूची स्लीव्ह चढवता येते.

जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३५-५२-७. नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानात हा आकडा आणि गाडीचा चासी नंबर दोन्ही सांगावेत, कारण मापे सारखी असली तरी रबर वेगळे असू शकते. जिथे उष्णता जास्त तिथे फ्लोरो रबराचे सील लागते. नव्या रबरी सीलच्या कडेला थोडे इंजिन ऑइल लावावे. मात्र कड पांढऱ्या किंवा तपकिरी पीटीएफईची असेल, तर ती पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बहुतेकदा कोरडीच बसवतात. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून, सीलच्या बाहेरच्या व्यासाच्या पाइपाने चारी बाजूंनी सारखे हलके ठोके द्यावेत.

गिअरबॉक्सच्या तेलाचा नियम एकच: आधी भरण्याचा बोल्ट सैल करावा, मगच निचऱ्याचा. भरण्याचा बोल्ट गंजून अडकला आणि तेल आधीच काढून टाकले, तर गाडी जागेवरच अडकते. यार्डात सर्रास दिसणाऱ्या, २००५ मध्ये आलेल्या टाटा एसमध्ये म्हणजे छोट्या हत्तीत गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल वेगळे आहेत. त्यांची तेलेही वेगळी पाहावी लागतात. हायपॉइड गिअरच्या डिफरन्शियलला सहसा जीएल-५ दर्जाचे तेल लागते. तेच हाताने गिअर बदलायच्या साध्या गिअरबॉक्समध्ये घातल्यास काही तेलांतील रसायने पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात, म्हणून बहुतेक ठिकाणी जीएल-४ सांगितलेले असते. निचऱ्याच्या चुंबकी बोल्टवरची राखाडी पेस्ट ही नेहमीची झीज असते. चमकदार तुकडे दिसले तर बेअरिंग किंवा दाते तपासावे लागतात.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी हाताळण्याआधी त्याची जात ओळखावी. २०१४ मध्ये सेलेरिओ या गाडीपासून भारतात परिचित झालेला एएमटी हा मुळात साधाच गिअरबॉक्स आहे. फरक एवढाच, की क्लच आणि गिअर यंत्र हलवते. सीव्हीटी पुलींवरून फिरणाऱ्या पट्ट्यावर किंवा साखळीवर चालतो आणि त्याला स्वतःचेच तेल लागते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सचे तेल बहुधा लाल असते आणि तेच दाब देण्याचे, थंड करण्याचे आणि वंगणाचे काम करते. तळाचा पॅन रिकामा केला तरी बरेचसे तेल कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते. म्हणून बाहेर आलेले तेल मापून तेवढेच भरावे, गाळणी आणि गॅस्केट बदलावे. शेवटी पातळी पुस्तिकेतील तापमानाला, सांगितल्याप्रमाणे इंजिन चालू ठेवून तपासावी. चुकीच्या प्रकारचे तेल मिसळून दोष झाकला जात नाही. ते क्लचच्या पट्ट्या जाळू शकते.

निचरा झालेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते बंद डब्यात भरून नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल अशा ठिकाणी द्यावे. गटारात ओतलेले तेल पावसाबरोबर ओढ्यात आणि शेवटी मुठा नदीत पोहोचते.

काम झाल्यावर इंजिन दहा मिनिटे चालवून सीलभोवतीचा भाग पाहावा. शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावे आणि तेलाची पातळी पाहावी. दोन्ही वेळा जागा कोरडी असेल तर काम पूर्ण झाले. ओली असेल तर पुन्हा सील विकत घेण्याआधी ब्रीदर आणि दांडा पुन्हा पाहावेत.