बांधावरची विविधता

भोकरदन तालुक्यातलं केदारखेडा पूर्णा नदीच्या भागातलं गाव. या परिसरात आता पांढऱ्या सोन्याचं, म्हणजे कपाशीचं, राज्य आहे. मराठवाड्याची जुनी रीत मात्र मिसळीची होती. ज्वारीत तूर, मूग, चवळी, आणि रब्बीत कडेनं करडईचे काटेरी तास, म्हणजे गुरं पिकात शिरत नसत. बांधावर बाभूळ, बोर, कडुनिंब.

या मिसळीत शास्त्र आहे. तुरीचं मूळ खोल जातं, ज्वारीचं वरच्या थरात पसरतं. पाण्यासाठी भांडण कमी. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात. चवळीवर मावा येतो, त्यामागे तो खाणारे ढालकिडे येतात आणि तेच पुढे कपाशीवरचा मावाही फस्त करतात. बांधावरच्या झाडांवर बसणारे कोतवाल आणि वेडे राघू उडते किडे टिपतात. बांध उकरून दोन तास वाढवले, की हे राखणदार जातात.

एकाच पिकावर विसंबण्याची किंमत 2017 मध्ये दिसली: गुलाबी बोंडअळीनं राज्यभर कपाशी पोखरली. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी राहू दिली, की तिला खाणं मिळत राहतं.

बांधावरची विविधता जपायला कायद्याचाही आधार आहे. जैविक विविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. त्या नोंदवहीत गावातलं जुनं बियाणं, बांधावरची झाडं, नदीतले मासे उतरले पाहिजेत. पुढच्या ग्रामसभेत ती मागा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून स्वतः भरा.