विश्लेषण : पदे मंजूर झाली, पण विशेष शिक्षक चोरखमारापर्यंत पोहोचणार का?

राज्यातील प्रत्येक शाळा केंद्रासाठी एक, याप्रमाणे विशेष शिक्षकांची ४,८६० पदे शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्माण केली. वर्षानुवर्षे कंत्राटावर काम करणाऱ्यांसाठी हा मोठा दिलासा ठरला. मात्र गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारासारख्या, नागझिरा अभयारण्याला लागून असलेल्या गावातून पाहिले तर प्रश्न वेगळा दिसतो. पद भरले तरी दिव्यांग मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे महिन्यातून किती दिवस येणार?

विशेष शिक्षकाचे काम काय?

दिव्यांग मूल गावच्या शाळेत इतर मुलांसोबत शिकावे, यासाठी लागणारी तयारी तो करतो. अडचण असलेले मूल लवकर ओळखणे, तपासणी आणि प्रमाणपत्रासाठी पालकांना वाट दाखवणे, त्या मुलापुरता अभ्यासाचा आराखडा आखणे, ब्रेल किंवा खाणाखुणांची भाषा शिकवणे ही त्याची कामे. वर्गशिक्षकाला मार्गदर्शन करणे आणि परीक्षेत लेखनिक, जादा वेळ यांसारख्या सवलती मिळवून देणे हेही त्यातच येते. जी मुले शाळेत येऊच शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन शिकवावे लागते.

ही गरज कायद्याने कशी वाढली?

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते २१ केले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांची त्यात भर पडली. या कायद्याच्या कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हक्काची व्याप्ती वाढली, पण कायम शिक्षकांची पदे त्या वेगाने वाढली नाहीत.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणाले?

रजनीश कुमार पांडे प्रकरणात न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रमाण ठरवून दिले : प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक. अंमलबजावणी रखडल्याने ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने पुन्हा आदेश दिला. सर्व राज्यांनी पदे अधिसूचित करावीत आणि कंत्राटावर असलेल्या शिक्षकांची पात्रता तपासण्यासाठी समिती नेमावी, असे त्यात सांगितले.

महाराष्ट्राने काय केले?

या दुसऱ्या आदेशाआधीच राज्याने ४,८६० पदे निर्माण केली होती. समग्र शिक्षा आणि माध्यमिक स्तरावरील समावेशित शिक्षण योजनेत कंत्राटावर असलेल्या २,९८४ जणांना या पदांवर सामावून घेण्याचे धोरण ठरले. म्हणजे ते सगळे पात्र ठरले तरी १,८७६ पदांसाठी नवे शिक्षक शोधावे लागतील.

मग गणित कुठे अडते?

राज्यात शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सुमारे ६५ हजार शाळा आहेत. त्यांना ४,८६० ने भागले तर एका विशेष शिक्षकाकडे सरासरी १३ शाळा येतात. खासगी अनुदानित शाळा वेगळ्याच. महिन्यात २४ कामाचे दिवस धरले तर एका शाळेला दोन दिवसही मिळत नाहीत. त्यातून बैठका, शिबिरे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा वेळ वजा करायचा. न्यायालयाचे प्रमाण मुलांच्या संख्येवर आहे, तर राज्याची पदे केंद्रांच्या संख्येवर. केंद्रात दहापेक्षा अधिक मुले असतील, तर सगळी पदे भरूनही हे प्रमाण मोडते.

गोंदियात वेगळे काय?

पहिले म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत या आजाराचे प्रमाण मोठे आहे आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. सिकलसेल असलेले मूल चालते-बोलते, वर्गात इतरांसारखेच दिसते. पण वेदना उसळल्या की आठवडाभर शाळा बुडते. अशा मुलाला ब्रेल नको, बुडलेला अभ्यास भरून काढणारे कोणीतरी हवे. दुसरे म्हणजे भाषा. घरी पोवारी, गोंडी किंवा झाडीबोली बोलणारे मूल शाळेत गप्प राहिले, तर तो भाषेचा संकोच आहे की ऐकण्यातला दोष, हे ओळखायला गावची बोली जाणणारा शिक्षक लागतो.

नवे शिक्षक मिळणे अवघड का?

विशेष शिक्षकाला विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. करून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. हे शिक्षण बहुतेक एका दिव्यांगत्वाचे असते, श्रवणदोष, दृष्टिदोष किंवा बौद्धिक अक्षमता. केंद्रात मात्र तिन्ही प्रकारची मुले असू शकतात. त्यामुळे श्रवणदोषाचे शिक्षण घेतलेल्या शिक्षकाला ब्रेलसाठी मदत घ्यावी लागते. तालुका पातळीवर वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक मिळून एक गट केला आणि त्यांना इतर दिव्यांगत्वांचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण दिले, तर ही उणीव बरीच भरून निघेल.

आलेला शिक्षक टिकणार कसा?

कायम नोकरी हा पहिला उपाय. दरवर्षी नव्या आदेशाची वाट पाहणारा माणूस चांगली संधी मिळताच निघून जातो. पण कायम झालेला शिक्षक बदलीही मागू शकतो. एका शिक्षकाने गाव सोडले तर नुसती खुर्ची रिकामी होत नाही. त्याच्याशी बोलू लागलेले मूल पुन्हा गप्प होते. जंगलालगतच्या रस्त्यांवर रोज वेगळ्या शाळेत जाणाऱ्याला पुरेसा प्रवासभत्ता हवा. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी देण्याची पद्धत राज्यात ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयापासून आहे. दुर्गम केंद्रांतील विशेष शिक्षकांसाठी असाच विचार करता येईल. जिल्ह्यातील तरुणांना या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती देऊन ठरावीक वर्षे इथेच काम करण्याची अट घातली, तर भाषा आणि टिकाव, दोन्ही प्रश्न सुटायला मदत होईल.

पालकांनी काय करावे?

मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्यावे आणि शाळेच्या नोंदीत त्याचा उल्लेख आहे का, ते मुख्याध्यापकांकडे तपासावे. मूल नोंदीत आले तरच पुढच्या पदांच्या हिशेबात ते धरले जाते. प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात. तेव्हा केंद्राचा विशेष शिक्षक कोण, तो आपल्या शाळेत कोणत्या वारी येतो आणि मागच्या महिन्यात किती वेळा आला, हे समितीच्या बैठकीत विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. मुंबईत मंजूर झालेल्या पदाचा गावात उपयोग झाला की नाही, हे त्या नोंदीवरूनच कळेल.