खुब्यातील प्लास्टिक आणि गॅमा किरण

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हल्ली एक विषय हमखास निघतो. कोणाच्या आईचा, कोणाच्या सासऱ्यांचा खुबा बदलायचा असतो. "वाटी प्लास्टिकची बसवणार म्हणतात, टिकेल का हो?" हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण नावाआधी 'डॉक्टर' आहे. ती पदवी रसायनशास्त्रातली! शस्त्रक्रियेचा सल्ला सर्जनच देतील. प्लास्टिकबद्दल मात्र चार शब्द सांगता येतील.

ही वाटी पॉलिएथिलीनची असते. म्हणजे दुधाच्या कॅनच्याच कुळातली, पण रेणूंच्या साखळ्या कितीतरी लांब. इंग्लंडमध्ये सर जॉन चार्नली यांनी १९६२ पासून ती वापरली. त्याआधी त्यांनी वापरलेले टेफ्लॉन फार लवकर झिजले होते. पॉलिएथिलीन टिकाऊ ठरले, तरी चालताना घासून त्याचेही सूक्ष्म कण सुटतात. शरीरातल्या पेशी त्या कणांवर तुटून पडतात आणि त्या गडबडीत भोवतालचे हाड झिजते. सांधा सैल होतो आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येते.

झीज कमी करायची तर साखळ्या एकमेकींना बांधायला हव्यात. ताटातल्या शेवया ओढल्या की एकेक सुटून येते. जागोजागी गाठी मारल्या तर सगळा गुंता एकत्र राहतो. अशा गाठी मारण्याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला रासायनिक: प्लास्टिकमध्ये पेरॉक्साइड मिसळून तापवायचे. आपल्या छपरावरच्या सोलर पॅनेलमध्ये काचेखाली जो पारदर्शक थर असतो, तो बहुधा असाच पक्का केलेला असतो. दुसरा किरणांचा: गॅमा किरण किंवा इलेक्ट्रॉन झोत साखळीवरचा हायड्रोजन उडवतात आणि उघडी पडलेली टोके शेजारच्या साखळीला जोडली जातात. किरणांमुळे रसायनाचे अवशेष मागे राहत नाहीत, म्हणून खुब्यासाठी हा मार्ग रूढ झाला.

सगळ्याच प्लास्टिकना किरण मानवत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या जुळण्यापेक्षा तुटतातच जास्त. पॉलिएथिलीनमध्येही न जुळलेली टोके शिल्लक राहतात. पूर्वी या वाट्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करून हवेतच पाकीटबंद करीत. त्या टोकांना ऑक्सिजन मिळे आणि वाटी कपाटात पडल्या पडल्या ठिसूळ होऊ लागे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस ५० ते १०० किलोग्रे इतकी मोठी मात्रा देऊन, नंतर वाटी तापवून ती टोके मिटवण्याची पद्धत आली. फुकट मात्र काहीच मिळत नाही. गाठी वाढल्या की झीज घटते, पण चिवटपणाही घटतो. वितळेपर्यंत तापवले तर स्फटिकांचे प्रमाण कमी होऊन ताकद आणखी थोडी उतरते. यावर तोडगा म्हणून पॉलिएथिलीनमध्ये ई-जीवनसत्त्व मिसळू लागले. ते मोकळी टोके शांत करते, त्यामुळे पुन्हा वितळवावे लागत नाही. गंमत अशी की आधीच मिसळले तर ते गाठी बांधणारी टोकेही खाऊन टाकते. मग मात्रा वाढवावी लागते, किंवा किरण दिल्यानंतर ते आत मुरवावे लागते.

प्रयोगशाळेतला हा हिशेब माणसांत खरा ठरला का? याचे उत्तर ऑस्ट्रेलियाकडे आहे. येथील ऑर्थोपेडिक असोसिएशनची सांधेरोपण नोंदवही १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००२ पर्यंत देशभर पोचली. तिच्यावरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १६ वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण साध्या पॉलिएथिलीनला ११.७ टक्के, तर क्रॉसलिंक केलेल्याला ६.२ टक्के आढळले. यात इतर सुधारणांचाही वाटा असू शकेल. तरी जवळजवळ निम्मा फरक लहान नाही. गुडघ्यावर पडणारा ताण वेगळा, तेव्हा हे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नयेत.

तर ऑपरेशनपूर्वी सर्जनना तीन प्रश्न जरूर विचारा: वाटीचे अस्तर क्रॉसलिंक केलेले आहे का? त्यात ई-जीवनसत्त्व आहे का? आमच्या माणसाचे वय आणि हालचाल पाहता हेच का निवडले? ऑपरेशन भारतात झाले असेल तर फाइलमधली इम्प्लांटची स्टिकरे जपून ठेवा आणि इकडे येताना त्यांची झेरॉक्स आणा. वीस वर्षांनी दुसऱ्या सर्जनला नेमका भाग ओळखायचा असेल, तर तो कागद लाखमोलाचा ठरतो.

कोणाला आणखी काही विचारायचे असल्यास पुढच्या कार्यक्रमात जरूर गाठा. जेवणाच्या रांगेतही चालेल.