पान दाखवणाऱ्याची सत्ता

यशवंतपूर जंक्शन मराठी माणसाला परके नाही. पंढरपूरची गाडी इथून सुटते, लातूरची सुटते. तुमकूर रस्त्याच्या बाजूला बाजार समितीचे यार्ड आणि कांदा-बटाट्याचे ट्रक. पूर्वेला भारतीय विज्ञान संस्थेचा झाडीने भरलेला परिसर, ज्याला जुने बेंगळूरकर अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. आणि उत्तरेला काही किलोमीटरवर जालहळ्ळीत भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना. शतकाच्या वळणावर या टापूत एक ब्राउझर जन्माला आला. तो कोणत्याही परदेशी ब्राउझरवर नवे नाव चिकटवून केलेला नव्हता. ज्याला वाचता येत नाही, इंग्रजी तर मुळीच येत नाही, अशा माणसासमोर ठेवण्यासाठी तो मुळापासून विचार करून घडवलेला होता. आज आपण कोणता ब्राउझर वापरतो याचा विचार कुणी करत नाही. फोनसोबत जो येतो तो चालतो. म्हणून ही गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते.

ऑक्टोबर १९९८ मध्ये बेंगळुरात माहिती-तंत्रज्ञानाचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. विकसनशील देशांना कसला संगणक हवा, यावर तिथे चर्चा झाली आणि एक जाहीरनामा निघाला. त्यातून नोव्हेंबर १९९९ मध्ये 'सिंप्यूटर ट्रस्ट' स्थापन झाला. विज्ञान संस्थेतले स्वामी मनोहर, व्ही. विनय, विजय चंद्रू आणि रमेश हरिहरन हे चौघे प्राध्यापक, आणि त्यांच्या जोडीला विनय देशपांडे यांच्या एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीतली मंडळी. २५ एप्रिल २००१ रोजी त्यांनी 'सिंप्यूटर' हे आपले यंत्र जगापुढे ठेवले. तळहातावर मावणारे, लिनक्सवर चालणारे, २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ एमबी मेमरी, ३२० बाय २४० ठिपक्यांचा पडदा. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवायची असा संकल्प होता. एवढेही एका शेतमजुराला परवडणारे नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून यंत्राला स्मार्टकार्डाची खाच होती: यंत्र गावाचे, कार्ड ज्याचे त्याचे. कार्ड घातले की तुमची माहिती समोर येते, काढले की यंत्र पुढच्याचे.

या सगळ्याचा गाभा म्हणजे त्याचा ब्राउझर. वेबची पाने ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात ती सोडून या मंडळींनी आयएमएल, म्हणजे इन्फर्मेशन मार्कअप लँग्वेज, नावाची स्वतःची खूणभाषा रचली आणि ती वाचणारा ब्राउझर तयार केला. चित्रावर बोट ठेवायचे आणि पान पुढे न्यायचे. पानावरचा मजकूर यंत्र मोठ्याने वाचून दाखवणार, हिंदीत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये. पान आणि स्मार्टकार्ड एकमेकांना ओळखणार. पान कोण पाहणार आहे हे आधी ठरवून मग ते दाखवणारे साधन घडवायचे, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. त्या काळातले बाकीचे बहुतेक ब्राउझर टेबलासमोर बसून इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून तयार झाले होते.

मार्च २००४ मध्ये जालहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 'अमिडा सिंप्यूटर' या नावाने त्याचे उत्पादन बाजारात आणले. यंत्र तिरपे केले की ते ओळखायचे, असा संवेदक त्यात होता. आयफोन यायला अजून तीन वर्षे होती. कर्नाटकच्या 'भूमी' या जमीन-अभिलेख प्रकल्पात सिंप्यूटर वापरून पाहिले गेले. तरी २००५ पर्यंत विक्री साधारण चार हजारांवर अडली. पन्नास हजारांची अपेक्षा होती. मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त झाले, सरकारी खरेदी पुरेशी झाली नाही, ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. माझ्या मते आणखी एक कारण होते. ब्राउझर कितीही गुणी असला तरी त्याला पाने लागतात. उरलेले जग एचटीएमएलमध्ये लिहीत होते आणि ते लिहिताना नजर एकाच ब्राउझरवर होती. त्याच्या बाहेर उभ्या राहिलेल्या साधनासाठी वेगळी पाने लिहायला कुणाकडे वेळ नव्हता.

तो एक ब्राउझर म्हणजे मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर. डिसेंबर १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केपला त्याने विंडोजसोबत फुकट येऊन हरवले. अमेरिकी सरकारने मे १९९८ मध्ये खटला भरला, मायक्रोसॉफ्टने मक्तेदारीचा गैरवापर केल्याचे न्यायालयात सिद्धही झाले, पण तोवर नेटस्केप संपल्यात जमा होता. ऑगस्ट २००१ मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली आणि सातवी यायला ऑक्टोबर २००६ उजाडले. पाच वर्षे! वेबवरचे नव्वद टक्क्यांहून अधिक लोक जे साधन वापरत होते त्यात पाच वर्षे मोठा बदल झाला नाही, कारण करण्याची गरजच कुणी उरू दिली नव्हती.

त्या पाच वर्षांत मराठी वाचकाचे काय हाल होते, ते ज्यांनी भोगले त्यांना आठवेल. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा होती, विंडोज २००० मध्ये 'मंगल' फाँटही आला होता. पण वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खासगी फाँटांवर चालायची. एकाचा फाँट दुसऱ्याला चालत नसे, तो उतरवून घेतला नाही तर पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसत. फाँट आपोआप पोचवण्याच्या दोन पद्धती निघाल्या, एक नेटस्केपची आणि एक एक्सप्लोररची, परस्परांशी न जुळणाऱ्या. नेटस्केप संपला तशी त्याची पद्धतही संपली आणि मराठी पाने 'फक्त एक्सप्लोररमध्ये पाहा' या पाटीखाली जाऊन बसली. अशा पानावर शोध लागत नसे, त्यातला मजकूर दुसरीकडे चिकटवता येत नसे. अमेरिकेतल्या मराठी घरांत सकाळी गावाकडची बातमी वाचायची तर त्याच एका ब्राउझरपुढे बसावे लागे.

कोंडी फुटली ती प्रतिस्पर्धी आल्यावर. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. त्याला जोडण्यासाठी 'पद्मा' नावाचे एक छोटे पूरक साधन निघाले. ते जुन्या भारतीय फाँटांतला मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून दाखवायचे. कुणा वृत्तपत्राची, कुणा कंपनीची परवानगी घ्यावी लागली नाही. ब्राउझर खुला होता म्हणून बाहेरच्या माणसाला हे करता आले. फायरफॉक्सही निर्दोष नव्हता. दोन्ही कडा सारख्या केलेल्या परिच्छेदात त्याच्या जुन्या आवृत्त्या देवनागरीची मोडतोड करत, वेलांट्या भलत्या जागी जात. पण त्या दोषाची नोंद उघड्यावर होत असे, कुणालाही ती पाहता येई, आणि २००८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. पुढे फायरफॉक्सचा सगळा तोंडवळाच स्वयंसेवकांच्या श्रमांतून मराठीत आला.

फोनवर वेगळाच उपाय निघाला. साध्या कीपॅडच्या फोनमध्ये देवनागरी फाँट नसे, मराठी पानाच्या जागी नुसते चौकोन दिसत. नॉर्वेच्या ओपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक आडबाजूची सोय होती. पत्त्याच्या जागी 'ओपेरा:कॉन्फिग' टाकायचे आणि क्लिष्ट लिप्यांसाठी चित्रफाँट वापरण्याच्या ओळीपुढे 'होय' करायचे. मग अक्षरांची चित्रे ओपेराच्या सर्व्हरवर तयार होऊन फोनवर येत. ही युक्ती त्या काळात तोंडोतोंडी पसरली होती. एका छोट्या स्पर्धक कंपनीलाच स्वस्त फोनवाल्या माणसाची गरज दिसली. मक्तेदाराला ती दिसण्याचे कारण नव्हते.

छोट्या भाषेसाठी स्पर्धेचा अर्थ इतका थेट असतो. आणखी एक उदाहरण देतो, कारण ते अजून चालू आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल ही मराठीची वळणे ठरवून दिली. हिंदीत ती वेगळी असतात, पण युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच. मग पडद्यावर कोणते वळण दिसणार? पान लिहिणाऱ्याने भाषा मराठी आहे असे आत नोंदवायचे, ब्राउझरने ती नोंद फाँटपर्यंत पोचवायची आणि फाँटने योग्य अक्षर निवडायचे. मधला दुवा ब्राउझरचा. आज फायरफॉक्स आणि क्रोम दोघेही हे काम हार्फबझ या एकाच खुल्या आज्ञावलीकडून करून घेतात. उद्या पान मांडणारी कंपनी एकच राहिली आणि तिला हा दुवा खर्चिक वाटला, तर आपल्या ल ची तक्रार नेऊन ठेवायला दुसरे दार राहणार नाही.

बेंगळुराने ब्राउझर टाकून देण्याचा प्रयोगही करून पाहिला. २०१५ मध्ये इथल्याच मिंत्राने आपले संकेतस्थळ बंद करून फक्त अॅप ठेवले. फ्लिपकार्टने मोबाइलवरचे पान बंद करून ग्राहकाला अॅपकडे वळवले. कमी जागेच्या स्वस्त फोनवर प्रत्येक दुकानाचे वेगळे अॅप कुठे मावणार? नोव्हेंबर २०१५ मध्येच फ्लिपकार्ट 'फ्लिपकार्ट लाइट' घेऊन ब्राउझरमध्ये परतले, नव्या पानावर ग्राहक तिप्पट वेळ थांबतो असे त्यांनी सांगितले, आणि मिंत्राचे संकेतस्थळ २०१६ मध्ये पुन्हा उघडले. वेबवर दुकान मांडायला कुणाच्या अॅप स्टोअरची परवानगी लागत नाही. म्हणून ते दार ज्याच्या हाती आहे त्याच्यावर नजर हवी.

आज ते कुणाच्या हाती आहे? भारतात दहांपैकी आठांहून अधिक वेळा पान क्रोममध्ये उघडते. नावे पुष्कळ दिसतात: एज, ओपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी. पण आतले यंत्र, ज्याला इंजिन म्हणतात, ते या सगळ्यांत गूगलच्या क्रोमियमचेच आहे. ओपेराने आपले इंजिन २०१३ मध्ये सोडले, मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये. बेंगळुराच्या हिडन रिफ्लेक्सने २०१० मध्ये 'एपिक' हा भारतीय ब्राउझर काढला, त्यात १२ भारतीय भाषांत लिहिण्याची सोय होती. तो तेव्हा फायरफॉक्सवर उभा होता, २०१३ मध्ये खासगीपणा जपणारा ब्राउझर म्हणून नव्याने आला तो क्रोमियमवर. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये देशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली, तिचे काम सी-डॅकच्या बेंगळुरू केंद्राकडे होते आणि मार्च २०२५ मध्ये एक कोटीचे पहिले पारितोषिक झोहोला मिळाले. झोहोचा 'उला' हाही क्रोमियमवरच चालतो. हे प्रयत्न मी कमी लेखत नाही. भाषेची सोय, खासगीपणा, भारतीय प्रमाणपत्रांना मान्यता, यांत खरे काम झाले आहे. मात्र पान कसे मांडायचे हे ठरवणारी सत्ता त्यामुळे हलत नाही. वेगळी इंजिने उरली दोन: अॅपलचे वेबकिट आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे गेको. गेकोनेच, फारसे कुणाला न कळता, कोट्यवधी जिओफोनांवर पाने दाखवली, कारण त्या फोनची कायओएस ही प्रणाली मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसमधून निघाली होती.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्या निकालात ब्राउझरचा स्पष्ट उल्लेख आहे: अॅप स्टोअरवरच्या वर्चस्वाचा वापर करून क्रोमची जागा राखली, असा ठपका. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला. त्याआधीच, जानेवारी २०२३ मध्ये, भारतात नव्या फोनवर शोधयंत्र निवडण्याचा पडदा देण्याचे गूगलने मान्य केले होते. युरोपात मार्च २०२४ पासून ब्राउझर निवडण्याचा पडदाही सक्तीचा आहे, आपल्याकडे तो नाही. तो मागायला हवा. आणि मोझिलाचा बहुतांश पैसा गूगलला शोधयंत्राची पहिली जागा दिल्याबद्दल गूगलकडूनच येतो, हे दुखणे आहेच. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला मक्तेदार ठरवले, पण सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकायला लावण्यास नकार दिला आणि असे पैसे देण्यावर सरसकट बंदीही घातली नाही. बंदी आली असती तर पहिला घाव कदाचित फायरफॉक्सवरच पडला असता.

वाचकाने काय करावे? माझे स्पष्ट मत: संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स ठेवावा, त्याची भाषा मराठी करावी आणि रोजची बातमी, बँक, रेल्वेचे तिकीट त्यावर उघडून पाहावे. आयफोनवर याने फार फरक पडत नाही. भारतात तिथल्या प्रत्येक ब्राउझरला आत वेबकिटच वापरावे लागते. सातबारा, परीक्षेचा अर्ज, महापालिकेचा कर, यांपैकी एखादे सरकारी पान फायरफॉक्समध्ये मोडले, तर मुकाट्याने क्रोमकडे वळू नये. सरकारी संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि पान वेगवेगळ्या ब्राउझरांत नीट चालावे हे त्यांत सांगितले आहे. पानाच्या तळाशी संपर्काचा पत्ता असतो. त्यावर ब्राउझरचे नाव, आवृत्ती आणि मोडलेल्या पानाचे चित्र पाठवावे, मराठीत.