तिसऱ्या दिवसाची गोष्ट

सासष्टीतील एका देवळात मुलांना ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे शिकविण्याचे काम चालले आहे, पाद्री प्रश्न विचारीत आहेत, मुले ठरलेली उत्तरे देत आहेत, आणि तेथे आलेला एक नवख्रिस्ती ब्राह्मण विनवितो की, हे सारे उत्तमच आहे, परंतु आम्ही आमची जुनी पुराणे टाकून दिली, तेव्हा त्यांच्या जागी काही कथा मिळेल तर बरे होईल. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'त आरंभीच हा प्रसंग येतो. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रचला, आणि १६१६ साली राचोल येथे तो रोमन लिपीत छापला गेला. याच लेखकाची कोकणीतील प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ साली, प्रसिद्ध झाली. म्हणजे एकाच हाताने प्रश्नोत्तरीही लिहिली आणि पुराणही. ईस्टरचा अर्थ मुलांना शिकवू पाहणाऱ्याने या दोहोंपैकी कोणते पुस्तक आधी उघडावे, याविषयी माझ्या मनात तरी संदेह नाही.

पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. 'पुनरुत्थान' हा शब्द भारदस्त खरा, परंतु मराठी मुलाच्या कानांवर 'पुनर्जन्म' त्याच्या कितीतरी आधी पडलेला असतो. त्यामुळे नगरकडच्या शब्बाथ शाळेत, जी नावाने शब्बाथाची असली तरी भरते रविवारीच, 'येशू कोणाच्या पोटी पुन्हा जन्मला?' असा प्रश्न एखाद्या मुलाने केला, तर त्यात त्याचा काहीच अपराध नाही. दुसरा मुलगा विचारतो, 'मग ते भूत होते का?' येथे व्याख्या सांगू जाणारा शिक्षक फसतो आणि गोष्ट सांगणारा तरतो. लूकच्या शुभवर्तमानात शिष्यांनाही नेमकी हीच भुताची शंका आली होती, आणि तिचे निरसन व्हावे म्हणून येशूने त्यांच्यापुढे भाजलेल्या माशाचा तुकडा खाऊन दाखविला. लाजारालाही येशूने उठविले होते, पण तो कबरेतून बाहेर आला तो प्रेतवस्त्रांनी हातपाय बांधलेला, पुढे केव्हातरी पुन्हा मरावयाचाच असलेला. उलट येशूच्या थडग्यात ती वस्त्रे मागे पडून राहिली होती, आणि डोक्याचा रुमाल गुंडाळून निराळा ठेवलेला होता. नीट गुंडाळलेला रुमाल मुलांना लगेच पटतो, कारण घाईत पळून जाणारा अंथरुणाची घडी करीत नाही हे त्यांना घरच्या अनुभवाने ठाऊक असते.

दुसरी अडचण शिक्षकांनी स्वतः निर्माण केलेली आहे. मुलांना मृत्यूचे भय वाटेल या समजुतीने उत्तम शुक्रवार चार वाक्यांत उरकून एकदम रविवारच्या रंगीत अंड्यांवर उडी मारण्याचा प्रघात मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. अंड्यांशी माझे वैर नाही. उपवासकाळात अंडी वर्ज्य, कोंबड्यांना मात्र त्या व्रताची वार्ता नाही, म्हणून साठलेली अंडी सणाला उकडून रंगवावयाची, असा त्यांचा सरळ गृहस्थी इतिहास आहे. परंतु ज्याने दगड लोटलेला पाहिला नाही, त्याला दगड सरकल्याचे कौतुक कोठून वाटणार? आजोबांचे प्रेत अंगणात ठेवलेले ज्या मुलांनी पाहिले आहे, त्यांच्यापासून मृत्यू लपविण्याचा खटाटोप वडील माणसे स्वतःच्याच समाधानासाठी करीत असतात.

या बाबतीत जुन्या उपासनेची योजना पुस्तकी शिक्षणाहून पुष्कळ शहाणी आहे. वसईकडच्या कॅथलिक देवळांत पवित्र गुरुवारी संध्याकाळी घंटा वाजतात आणि त्यानंतर मुक्या होतात. वेदीवरचे वस्त्र काढून घेतले जाते. शुक्रवारी मिस्साच होत नाही. शनिवारचा दिवस तर रिताच असतो. या रितेपणाविषयी मुलाला कोणी व्याख्यान देत नाही, परंतु रोज ऐकू येणारी घंटा आज का नाही, हे ते आपण होऊन विचारते. मग शनिवारी रात्री देवळाबाहेर नवा अग्नी पेटतो, पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले आणि शेवटचे अक्षर व चालू सनाचे आकडे कोरले जातात, आणि काळोख्या देवळात ती एकच ज्योत शिरल्यावर तिच्यावरून शेकडो हातांतल्या मेणबत्त्या पेटत जातात. कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळी, लख्ख उजेडात उरकला जात असे. बाराव्या पायस यांनी १९५१ साली प्रथम प्रयोगादाखल तो रात्री करण्याची मुभा दिली आणि १९५५ च्या सुधारणेने ती कायम झाली. उन्हात मेणबत्ती पेटवून काळोखाचा पराभव समजावून सांगणाऱ्या त्या पूर्वीच्या धर्मगुरूंची मला मनापासून कीव येते.

सणाची तारीखही मुलांच्या कुतूहलास चांगले खाद्य आहे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा हिशेब असल्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोठेही पडतो. म्हणून आपल्याकडे तो कधी होळीच्या, तर पुष्कळदा हनुमानजयंतीच्या पाठोपाठ येतो. चंद्राशी हे नाते यहुद्यांच्या ज्या सणामुळे जडले, त्याला मराठी बायबलात 'वल्हांडण' असा अस्सल शब्द आहे. वल्हांडणे म्हणजे ओलांडून जाणे, एवढे सांगितले की मिसर देशाच्या गुलामीतून बाहेर पडलेल्या लोकांची कथा पुढे आपोआप उलगडू लागते.

परंतु खरी कसोटी पुढेच आहे. सुभेदार पिलाताच्या परवानगीने थडग्यावर मोहर झाली, पहारा बसला, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे थडगे रिकामे आढळले, एवढ्यावर चारही शुभवर्तमानांतील जबान्या मिळवावयास बसलेल्या चौकस मुलाच्या ध्यानात विसंगती येतात. मत्तय दोन स्त्रियांची नावे घेतो, मार्क तिघींची, लूक आणखीही कित्येकींची, योहान एकट्या मग्दालिया मरियेची. देवदूत कोठे एक, कोठे दोन. हे दडपून सर्वांची एकच सुबक हकीकत करून देणारा शिक्षक मुलांचा विश्वास गमावतो. एकाच कबड्डीच्या सामन्याची हकीकत चार मुले चार तऱ्हांनी सांगतात, आणि सगळी शब्दाला शब्द जुळली तर आगाऊ पढविली असावीत असा संशय येतो, हे मुले आपल्यापेक्षा चांगले जाणतात. शिवाय चौघेही एका गोष्टीवर ठाम आहेत: प्रथम स्त्रिया गेल्या. त्या काळच्या न्यायसभेत स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, आणि प्रेषितांना त्यांचे बोलणे बाष्कळ वाटले, हे लूक स्वतःच लिहून ठेवतो. बनावट कज्जा रचणाऱ्याने असे साक्षीदार खचित उभे केले नसते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत कीर्तनाचा स्वीकार केला, त्यातही मला हेच मर्म दिसते. पूर्वरंगात तत्त्व सांगून झाले तरी श्रोते उठत नाहीत, ते उत्तररंगातील आख्यानासाठी थांबलेले असतात, आणि मुले तर त्यासाठीच आलेली असतात. १८७३ पासून निघू लागलेल्या 'बालबोधमेवा' मासिकाच्या नावातही शिक्षण खाऊसारखे हाती ठेवण्याचा हाच कावा आहे.

मला विचाराल तर ईस्टरचे सर्वांत गोड आख्यान योहानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. सात शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकामे बसले आहेत, पहाटे काठावरचा कोणी अनोळखी माणूस उजवीकडे जाळे टाका म्हणतो, आणि ते मासळीने भरून येते. काठावर कोळशांचा विस्तव, त्यावर मासे, शेजारी भाकर. अशाच कोळशांच्या विस्तवाजवळ पेत्राने तीनदा आपल्या गुरूला नाकारले होते, आणि येथे न्याहारी झाल्यावर गुरू त्याला तीनदा विचारतात की, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय. हीही एक प्रश्नोत्तरीच, परंतु तिची उत्तरे कोणी पाठ करून दिलेली नव्हती.

हा भाग वसईच्या किनाऱ्यावरील एका कोळीवस्तीतल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात चालला असता मी मागच्या बाकावर बसलो होतो. जाळ्यात मासे एकशे त्रेपन्न होते आणि तरी जाळे फाटले नाही, असे मजकुरात आहे, आणि या एकशे त्रेपन्नाचा गूढार्थ शोधण्यात मोठमोठ्या भाष्यकारांनी शतकानुशतके आपली बुद्धी खर्च केली आहे. शिक्षिकेनेही त्याच दिशेने आरंभ केला होता, इतक्यात पुढच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मोजायलाच लागणार ना. सात जणांत वाटे घालायचे होते."